बारा वर्षं शून्य

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा किल्लीवाला एका जुन्या कपाटाच्या कुलपात डोकं घालून बसला होता, म्हणून फोन त्याच्या बायकोने घेतला. पलीकडची बाई म्हणाली, बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या सगळ्या अंगाचा एमआरआय काढला होता त्यांना आम्ही परत बोलावतोय. तेव्हाच्या गाठी आता केवढ्या झाल्या, नव्या किती आल्या, ते बघायचंय. वडील आणि मुलगी, दोघांना यायला जमेल का?

"जमेल," बायको म्हणाली. "वार सांगा."

फोन ठेवल्यावर नवऱ्याने मान वर न करता विचारलं, "काय जमेल?"

"तुम्ही आणि मासोळी. मंगळवारी, साडेआठला. हॉस्पिटलात."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात. मग मलाच परत फोन करून हो म्हणावं लागलं असतं. एक फोन वाचवला."

किल्लीवाल्याने परत कुलपात डोकं घातलं. बायको एकदा 'जमेल' म्हणाली की ते जमतंच, हे त्याला लग्नाच्या सत्तावीस वर्षांत कळून चुकलं होतं.

त्याचा आजार आईकडून आलेला. नसांवर गाठी येतात. काही कातडीखाली, वाटाण्याएवढ्या, बोटाने दाबलं तर मऊ लागणाऱ्या. काही आत खोल, कुणाला न दिसणाऱ्या. अंगावर चहा सांडून वाळल्यासारखे डाग. आईला होतं, त्याला आलं, आणि मुलगी झाली तेव्हा नर्सने तिला पुसून त्याच्या हातात दिली, तर तिच्या पोटावर तसेच तीन डाग. बायकोने ते पाहिले आणि म्हणाली, "चला, बापाचा शिक्का आहे. हॉस्पिटलात अदलाबदल होण्याची भीती नाही." सगळे हसले. तोही हसला.

मुलगी आता चोवीस वर्षांची होती आणि तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. घरात तिला मासोळीच म्हणत. पोहायच्या कपड्यांत दंडावरच्या, पाठीवरच्या गाठी झाकायच्या कशा, आणि कशाला? मुलं पहिल्याच दिवशी विचारायची, "टीचर, हे काय आहे?"

"बटणं," ती सांगायची. "दाबू नका हां, मी बुडेन."

दुसऱ्या दिवसापासून मुलांचं लक्ष पाण्याकडे असायचं.

बापाचं तसं नव्हतं. तो उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. बारा वर्षांपूर्वी पहिला एमआरआय झाला तेव्हा डॉक्टरबाईंनी दोघांची चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली होती. राखाडी रंगाची दोन माणसं, एक मोठं, एक छोटं, आणि दोघांच्या अंगात पांढरे ठिपके पेटलेले. त्याच्या उजव्या मांडीत आत एक मोठी गाठ होती, नारळाच्या वाटीएवढी. मुलीच्या खांद्यापाशी एक, लिंबाएवढी. डॉक्टरबाई समजावून सांगत होत्या, पण त्याला ऐकूच आलं नाही. आपल्या अंगातलं तिच्या अंगात असं उजेड पाडून कुणी दाखवेल, याची त्याने कल्पनाच केली नव्हती.

त्यानंतर तो हॉस्पिटलची पायरी चढला नाही. वर्षातून एकदा टपालाने प्रश्नांचे कागद यायचे, एक त्याचा, एक मुलीचा. जेवायच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसून भरायचे. चालताना त्रास होतो का? झोप लागते का? आणि शेवटी, गेल्या आठवड्यात किती दुखलं, शून्य ते दहा. तो दरवर्षी शून्य लिहायचा. मुलगी त्याच्या कागदाकडे एकदा बघायची, मग स्वतःच्या कागदावर एक लिहायची. कधी दोन.

दीड-दोन वर्षांपासून त्याने बायकोला किल्ल्या कापायला शिकवायला घेतलं होतं. आधी कोरी किल्ली पकडीत कशी बसवायची, मग जुन्या किल्लीवरून दाते कसे उतरवायचे, मग कानशीने धार कशी मोडायची. "माझे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत," हे कारण. बायको शिकली. हाताला चपळ होती, सहा महिन्यांत त्याच्यापेक्षा स्वच्छ दाते काढायला लागली. मग एक दिवस मशीनला तेल देता देता तो बोलून गेला, "मी नसलो तरी दुकान बंद पडायला नको."

"कुठे निघालात?" तिने विचारलं.

"कुठे नाही. आपलं म्हटलं."

त्या दिवसापासून ती त्याच्याकडे बारकाईने बघायला लागली. जिना चढताना तो मधल्या वळणावर थांबतो आणि भिंतीवरची नोटीस वाचतो. नोटीस तीन वर्षांपूर्वीची, पाण्याच्या टाकीची होती. खुर्चीवर बसताना उजवा पाय आधी हाताने उचलून ठेवतो. मांडीतली गाठ वाढत चालली आहे, आता ती कुठेतरी जाऊन पोचणार आणि आपण जाणार, असा त्याने स्वतःशीच निकाल लावून टाकला होता. त्याबद्दल अळीमिळी गुपचिळी. म्हणून हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा तिने तो देवाने लावल्यासारखा उचलला.

मंगळवारी तिघं गेले. एमआरआयच्या खोलीबाहेर एक वयस्क तंत्रज्ञ बसला होता, त्याच्या हातात लांबलचक यादी. हृदयात यंत्र? नाही. हाडात सळई? नाही. कधी गोळी लागली होती? "अजून नाही," बायको म्हणाली.

"काम काय करता?"

"किल्ल्या बनवतो."

तंत्रज्ञाने लिहिणं थांबवलं. "म्हणजे धातूचा कीस उडतो. कधी डोळ्यात गेला होता?"

"गेला असेल. तीस वर्षांत दहा वेळा गेला असेल. बायको पदराने काढते."

"सगळा निघतो याची खात्री?"

"तिला विचारा."

तंत्रज्ञ हसला नाही. आतलं चुंबक एवढं जोरदार असतं की डोळ्यात लोखंडाचा कण राहिला असेल तर तो हलतो, आणि डोळा जातो, त्याने सांगितलं. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढावा लागेल. किल्लीवाल्याच्या चेहऱ्यावर आशा उगवली. "मग आज राहू दे की. नंतर बघू."

"एक्स-रे खाली आहे. दहा मिनिटं," तंत्रज्ञ म्हणाला.

डोळे स्वच्छ निघाले. बायको म्हणाली, "बघा, पदर कसा आहे माझा." मग त्याचे खिसे रिकामे केले. ट्रेमध्ये बावीस किल्ल्या, दोन कानशी आणि एक छोटा पाना निघाला. शर्टच्या शिवणीतही पितळेचा कीस चमकत होता, म्हणून सगळेच कपडे उतरवून हॉस्पिटलचा झगा घालावा लागला. झग्याला अर्ध्या बाह्या होत्या. तो हात पोटावर बांधून बसून राहिला. मासोळी तसाच झगा घालून शेजारी येऊन बसली.

नर्सने कागद आणले. "गेल्या आठवड्यात किती दुखलं? शून्य ते दहा."

"शून्य," तो म्हणाला.

बायकोने तोंड उघडलं. त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते परत मिटलं.

"तुमचं?" नर्सने मुलीला विचारलं.

"एक," मासोळी म्हणाली.

आत तासभर लागला. अंगावर पट्ट्यांची जाळी ठेवली होती, कानात बोळे, आणि तरीही भोवती कुणी पत्र्याच्या छपरावर दगड टाकत असल्यासारखा आवाज. हलायचं नाही, असं बजावलं होतं. पाय इतका ठणकत होता की न हलण्यासाठी त्याने मनातल्या मनात दुकानातल्या भिंतीवरच्या कोऱ्या किल्ल्या मोजायला घेतल्या, वरच्या रांगेपासून. चौथ्या रांगेत टेबल बाहेर आलं.

निकालाला तीन आठवडे लागले. गाठ मोजायची म्हणजे फुटपट्टी लावून भागत नाही, डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं. शरीराच्या पातळ कापांसारखी शेकडो चित्रं असतात. प्रत्येकात गाठीची कड आखायची आणि मग सगळ्यांची बेरीज करून ती किती मिलिलिटरची आहे ते काढायचं. पुन्हा जुन्या चित्रांशी ताडायचं.

डॉक्टरबाई त्याच होत्या, केस तेवढे पिकले होते. या वेळी त्यांनी आधी त्याची दोन चित्रं लावली. डावीकडे बारा वर्षांपूर्वीचा तो, उजवीकडे आताचा.

त्याने बायकोचा हात धरला. बाहेर त्याने असं कधी केलं नव्हतं.

"मांडीतली गाठ तेव्हा दोनशे दहा मिलिलिटर होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता एकशे चाळीस आहे."

कुणाला काही कळलं नाही.

"लहान झालीये," त्या म्हणाल्या. "तिसरा हिस्सा कमी. औषध नाही, ऑपरेशन नाही, आपोआप. मोठ्या माणसांत काही गाठी अशा आकसतात, असं आम्हाला दिसायला लागलंय. का, ते नीट माहीत नाही. म्हणून तर तुम्हाला परत बोलावलं."

बायकोने दीर्घ श्वास सोडला आणि डोळ्यांना पदर लावला. किल्लीवाला मात्र पडद्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा लाल होत चालला होता.

"चुकलंय तुमचं," तो म्हणाला. "परत मोजा."

"दोन जणांनी वेगवेगळं मोजलंय. दोघांचं उत्तर तेच."

"शक्यच नाही!" त्याचा आवाज चढला. "लहान झाली म्हणता? मग ही दुखते कशाला एवढी? रोज? जिना चढवत नाही मला, कुशीवर वळवत नाही, आणि तुम्ही म्हणता लहान झाली!"

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आलं एकदाचं," बायको हळूच म्हणाली.

डॉक्टरबाईंनी फाइल उघडली. एकाखाली एक कागद काढून त्याच्यासमोर मांडले. "शून्य. शून्य. शून्य. बारा वर्षं शून्य. तीन आठवड्यांपूर्वी शून्य." त्या रागावल्या नव्हत्या, पण हसतही नव्हत्या. "मला चित्रात गाठ दिसते. दुखणं दिसत नाही. मोठी गाठ गुमान पडून असते आणि छोटी जीव काढते, असंही होतं. ते मला कळण्याचा एकच मार्ग आहे, तुम्ही सांगणं. आणि दुखणं वाढलं तर त्यामागे काही वाईटही असू शकतं, ते आधी नाकारावं लागतं. किती दुखतं? खरं."

"सात," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "थंडीत आठ."

"कधीपासून?"

त्याच वेळी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. मासोळी उभी राहिली होती.

"आठ," ती म्हणाली. "बाबा, आठ? मी टेबलावर तुमच्यासमोर बसून तो कागद भरायचे. माझा खांदा शाळेत असल्यापासून दुखतो. वही धरवायची नाही मला कधी कधी. मी तुमच्या कागदाकडे बघायचे. एवढी मोठी गाठ आणि शून्य. मला वाटायचं, बाबांना एवढं असून दुखत नाही आणि मला एवढ्याशा गाठीचं दुखतं, म्हणजे मीच रडकी. म्हणून एक लिहायचे." तिचा आवाज फाटला. "मला वाटायचं मी नाटकं करते. स्वतःलाच वाटायचं."

"मला वाटलं, तुला कळलं तर..." तो म्हणाला. "पुढे आपल्यालाही असंच होणार म्हणून तू घाबरशील."

"मी घाबरलेलीच होते. एकटी."

ती बाहेर गेली नाही. परत खाली बसली, कारण तिचा निकाल अजून सांगायचा होता. पण बापाकडे पाठ करून बसली.

तिचा निकाल मिश्र होता. खांद्याजवळची गाठ अठरा मिलिलिटरवरून शेहेचाळीसवर गेली होती. बहुतेक वाढ वयात येतानाची असावी, साधारण त्याच वर्षांत वाढतात, पुढे वेग मंदावतो, डॉक्टरबाई म्हणाल्या. पोटरीत एक नवी, छोटी. आता दरवर्षी बघायचं. फार वाढली तर ती आकसवणारी औषधं आता निघाली आहेत, तेव्हा बोलू. "आणि तुमचं किती दुखतं? एक नका सांगू."

"चार. जास्त मुलं असतात त्या दिवशी पाच."

त्यांनी लिहून घेतलं. दोघांसाठी नसांच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या, आणि बापासाठी आणखी एक तपासणी, गाठीचं स्वरूप बदललेलं नाही ना हे पाहायला.

त्या तपासणीचा निकाल यायला आठवडा होता. पाच दिवस मासोळी बापाशी बोलली नाही. मीठ हवं असलं तरी आईकडे मागायची, मीठ बापासमोर असलं तरी. आई चौथ्या दिवशी वैतागली. "मी काय टपाल खातं आहे का? तुमचं तुम्ही बघा."

सहाव्या दिवशी किल्लीवाला दुकान बायकोवर सोडून तलावावर गेला. इतक्या वर्षांत तो तिथे कधी आला नव्हता. क्लोरीनचा वास, ओल्या फरशा, शिट्ट्या. मासोळी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि काठ धरून पाय मारणाऱ्या आठ-दहा मुलांवर ओरडत होती. तो बाकावर बसून राहिला. वर्ग संपला तशी ती टॉवेल गुंडाळून आली, त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली.

त्याने खिशातून एक कागद काढला. दुकानाच्या पावतीच्या मागे पेन्सिलीने बारा वर्षं एकाखाली एक लिहिली होती, आणि प्रत्येकापुढे आकडा. तीन, तीन, चार, चार, सहा... "आठवून आठवून काढले," तो म्हणाला. "हे डॉक्टरांना देतो. ती शून्यं खोडून हे घालतील."

तिने कागद वाचला. "बाबा, असे आठवून काढलेले आकडे त्यांना चालत नाहीत."

"का? खरे आहेत."

"खरे असतील. पण त्या वेळी सांगायचे असतात."

त्याने मान हलवली. तिने कागदावर बोट ठेवलं. "पाचव्या वर्षी एकदम सहा कसं?" तिने विचारलं.

"त्या वर्षी मशीन नवं घेतलं. उभं राहून चालवायचं. मला वाटलं सवय होईल." मग तो म्हणाला, "तुझं पाचव्या वर्षी किती होतं?"

ती आठवायला लागली. "तेव्हा दहावी होती. लिहायचं खूप असायचं." आणि मग तिने सांगितलं, त्या परीक्षेत ती डाव्या हाताने उजवा हात दाबून कशी लिहीत होती, मैत्रिणीला काय थाप मारली होती, पोहायला लागल्यावर पाण्यात खांदा पहिल्यांदा हलका कसा झाला. त्याने मधे एकदाही 'होईल बरं' म्हटलं नाही. त्यासाठी त्याला बरंच गिळावं लागलं. पुढच्या वर्गाची मुलं यायला लागली तशी ती उठली. "जिना चढताना थांबायचं असेल तर नुसतं थांबा," ती म्हणाली. "ती टाकीची नोटीस आता तोंडपाठ झाली असेल तुमची."

"तुलाही माहीत होतं?"

"आईने सांगितलं. टपाल खातं आहे ते."

दुसऱ्या दिवशी निकाल आला. गाठ होती तशीच, साधी. गोळ्यांनी दुखणं महिनाभरात सातावरून चारावर आलं, कधी पाच. शून्यावर आलं नाही, येईल असं कुणी म्हटलंही नव्हतं. त्याने मशीनपुढे उंच स्टूल आणून ठेवलं. बायको म्हणाली, हे सात वर्षांपूर्वी सुचलं असतं तर बिघडलं असतं का?

वर्षाने दोघं तपासणीला गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर एक तरुण माणूस बसला होता, तिशीच्या आतला, मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी. मुलीच्या हातावर चहाच्या रंगाचे डाग होते. तिचा आज पहिला एमआरआय होता. माणसाच्या स्वतःच्या मानेवरही दोन गाठी होत्या, आणि कॉलर त्याने वर ओढली होती.

मासोळीचं नाव पुकारलं, ती आत गेली. किल्लीवाला झग्यात बसून होता, अर्ध्या बाह्यांच्या. तरुणाची नजर त्याच्या हातांवर गेली, तिथून सरकली, परत आली.

"आत खूप वेळ लागतो का हो?" त्याने विचारलं.

"लहान मुलांना झोपवतात. त्यांना कळत नाही," किल्लीवाला म्हणाला. "मोजे आणलेत ना? पाय गार पडतात."

"आणलेत." तरुणाने मुलीच्या कानावरून हात फिरवला, जणू केस सारखे करतोय, आणि आवाज खाली घेतला. "तुम्हाला बरीच वर्षं झाली असतील. दुखतं का?"

मुलगी बापाच्या मांडीवरून त्याच्याकडे टक लावून बघत होती. किल्लीवाल्याच्या तोंडात सवयीने उत्तर आलंच होतं. तो थांबला.

"दुखतं," तो म्हणाला. "रोज नाही. आज चार आहे. मी सांगतो, ते लिहून घेतात, मग काहीतरी करतात."

तरुणाने मान डोलावली. त्याला हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. मग मुलीला मांडीवर नीट सावरत म्हणाला, "मला पाठीत दुखतं. घरी सांगितलेलं नाही."

"किती?" किल्लीवाल्याने विचारलं, आणि जवळ सरकून बसला.